छापील पुस्तक आणि अंध वाचक

अंधांच्या वाचनाचा इतिहास सांगताना आपण बहुधा लुई ब्रेलपाशीच थांबतो. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी तयार केली. पण ब्रेलमधले प्रत्येक पुस्तक वेगळे छापावे लागते. एका कादंबरीचे अनेक जाडजूड खंड होतात. त्यामुळे कोणते पुस्तक ब्रेलमध्ये यावे, हे बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी ठरवते. खरा प्रश्न होता तो डोळसांसाठी छापलेले पुस्तक अंध माणसाने कसे वाचावे, हा.

या दिशेने एक प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातील एडमंड फूर्निए द'आल्ब यांचा 'ऑप्टोफोन' छापील अक्षरावर प्रकाश टाकून त्याचे सुरांत रूपांतर करायचा. मेरी जेमसन ही अंध तरुणी हे सूर ओळखायला शिकली. १९१८ मधल्या प्रात्यक्षिकात तिचा वेग मिनिटाला एक शब्द होता. पुढे तो साठ शब्दांपर्यंत गेला. यंत्र फक्त सूर काढत होते, वाचत होती ती मेरीच. इतके कष्ट सर्वांना शक्य नव्हते.

यंत्र स्वतः वाचू लागले ते अमेरिकेत. रे कुर्झवाइल यांनी अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने तयार केलेले वाचनयंत्र १३ जानेवारी १९७६ रोजी जगापुढे आले. पान स्कॅन करणे, वेगवेगळ्या वळणांची अक्षरे ओळखणे आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे ही तिन्ही कामे ते करायचे. गायक स्टीव्ही वंडर त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक. सामान्य माणसाच्या खिशाला मात्र ते परवडणारे नव्हते. पुढे घरगुती संगणक आणि स्कॅनर आले, तेव्हा हे तंत्र घरापर्यंत पोहोचले.

आता नवीच अडचण उभी राहिली. एकच पुस्तक शेकडो अंध वाचक आपापल्या घरी पान पान उलटून स्कॅन करत, चुका दुरुस्त करत बसायचे. एकाने केलेले काम दुसऱ्याला द्यावे, तर कॉपीराइट आडवा येई. अमेरिकेने १९९६ मध्ये कायद्यात यासाठी सवलत दिली. तिच्या आधारे जिम फ्रुख्टरमन यांनी २००२ मध्ये 'बुकशेअर' सुरू केले. एकाने स्कॅन केलेले पुस्तक आता अपंगत्वाचा पुरावा दिलेल्या सर्व सभासदांना मिळू लागले. तरीही देशाच्या सीमेपाशी ते अडत होते, कारण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा.

ही अडचण दूर करण्यासाठी जून २०१३ मध्ये मोरोक्कोतील माराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट. आपण २०१२ मध्येच कॉपीराइट कायद्यात अशी सवलत आणली होती. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही उभे राहिले.

मग मराठी अंध वाचकाचा प्रश्न सुटला का? पूर्णपणे नाही. शिरोरेषेने जोडलेली अक्षरे, जोडाक्षरे, जुन्या छपाईतला फुटका टाईप यांपुढे अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर अडखळते. वेलांटी सुटते, रफार हरवतो आणि कोणीतरी बसून ओळ न ओळ तपासावी लागते. त्यात गंमत अशी की आजची पुस्तके मुळात संगणकावरच तयार होतात. प्रकाशकाकडे फाइल असते, पण ती अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. पडद्यावर नीट दिसणारे ते मराठी, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला निरर्थक चिन्हांची रांग वाटते.

कायदा रूपांतराला परवानगी देतो. प्रकाशकाने स्वतःहून फाइल द्यावी, अशी सक्ती तो करत नाही. म्हणून संगणकावर तयार झालेला मजकूर आधी कागदावर छापला जातो, मग तोच कागद स्कॅन करून पुन्हा मजकूर मिळवण्यासाठी स्वयंसेवक रात्री जागवतात. हा उलटा प्रवास थांबवणे प्रकाशकांच्या आणि लेखकांच्या हातात आहे. लेखकाने करार करतानाच युनिकोड प्रत अंध वाचकांच्या ग्रंथालयाला द्यावी, अशी अट घातली, तर निदान नव्या मराठी पुस्तकांसाठी कोणाला स्कॅनरसमोर बसावे लागणार नाही.