पाणपोई, पाणीपट्टी आणि विजेचे बिल

पाणी किंवा वीज पुरवणाऱ्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा वार्षिक अहवाल उघडला, की शेवटच्या काही पानांवर लोकोपयोगी उपक्रमांचे छायाचित्रांसकट वर्णन असते. शाळांमधून पाणीबचतीची व्याख्याने, वृक्षारोपण, आरोग्य शिबिर, रांगोळी स्पर्धा. आधीची पाने धंद्याची आणि ही पुण्याची, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. मुंबईचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा अनुभव पाहिला तर ही वाटणी फसवी ठरते. या शहरात पाणी आणि दिवा गरिबाच्या दारापर्यंत जेवढे पोचले तेवढे दरपत्रकामुळे, कायद्याच्या कलमामुळे आणि जमाखर्चाच्या वहीमुळे पोचले. जिथे ते पोचले नाहीत, तिथेही त्यांना अडवले ते या तिघांनीच. शेवटच्या पानांचा त्यात फारसा हात नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांच्या पाण्यावर जगत होती. 1854 साली टंचाई इतकी वाढली, की गुरे शहरातून माहीमकडे हलवावी लागली. त्यानंतर हेन्री कॉनीबेअरच्या आराखड्यानुसार मिठी नदीवर विहारचे धरण बांधले गेले आणि 1860 पासून नळाचे पाणी शहरात खेळू लागले. पुढे तुळशी (1879) आणि तानसा (1892) आले. आपण ज्यांना पाणपोई किंवा प्याऊ म्हणतो, त्या दगडी कारंज्यांचा बहराचा काळ नेमका याच सुमाराचा आहे. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एकट्यांनी शहराला चाळीस पाणपोया दिल्या. मशीद बंदरजवळच्या भातबाजारात केशवजी नाईक यांच्या नावाची पाणपोई 1876 साली उभी राहिली. कोरीव दगड, वर घड्याळ, खाली गुरांना पाणी पिण्यासाठी हौद, असा त्या काळचा थाट असे. बैलगाडीवाला, हमाल, ट्राम ओढून दमलेले घोडे, सगळ्यांची तिथे सोय होई. हे औदार्य खरेच होते, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र त्यातली गोम लक्षात घेतली पाहिजे. यांतल्या कितीतरी पाणपोयांचा दगड दात्याचा आणि पाणी नगरपालिकेचे होते. विहारची नळवाहिनी नसती, तर कोरीव सिंहाच्या तोंडातून थेंबही पडला नसता. विसाव्या शतकात घोडे गेले, बैलगाड्या गेल्या, दात्यांच्या पुढच्या पिढ्यांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि बहुतेक पाणपोया कोरड्या पडल्या. काही रस्तारुंदीत गेल्या, काहींच्या आडोशाला टपऱ्या लागल्या. अलीकडे त्यांतल्या काहींची डागडुजी झाली, पण ती वारसावास्तू म्हणून. तहानेचा प्रश्न तोवर दुसऱ्या मार्गाने सुटला होता, किंवा सुटायचा राहिला होता.

हा दुसरा मार्ग म्हणजे 1888 चा मुंबई महानगरपालिका कायदा. त्यात पालिकेच्या कामांचे दोन भाग पाडले आहेत. कलम 61 मधली कामे बंधनकारक, म्हणजे ती करावीच लागतात. कलम 63 मधली ऐच्छिक, म्हणजे वाटले आणि पैसे उरले तर करायची. सार्वजनिक आणि खासगी वापरासाठी पाणी पुरवण्याची व्यवस्था, तसेच सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती, या दोन्ही गोष्टी पहिल्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी लागणारा पैसाही त्याच कायद्याने पाणीपट्टीसारख्या करांच्या रूपाने मालमत्तेवर बसवला. मोठ्या वाड्याच्या मालकाने त्याच्या घरभाड्याच्या अंदाजाप्रमाणे जास्त भरायचे आणि गल्लीतल्या सार्वजनिक नळावर कोणीही हंडा लावायचा. या व्यवस्थेत दान कुठेच नव्हते. कोणी कोणावर उपकार करत नव्हते आणि म्हणूनच ती टिकली. ज्या चाळींत खोलीगणिक नळ येणे पुढची अनेक दशके शक्य नव्हते, त्यांतले हजारो गिरणी कामगार सामाईक नळांवर जगले. ते नळ कोणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की ही वसाहतकाळाची फारच गोड बाजू झाली. आक्षेप रास्त आहे. त्या कायद्यातले शहर करदात्यांचे होते. मतदानाचा हक्क मालमत्ता, कर किंवा भाडे यांच्याशी जोडलेला होता आणि प्रौढ मताधिकारावर पालिकेची निवडणूक व्हायला 1948 साल उजाडावे लागले. लोकांसाठी काय हिताचे हे लोकांना न विचारता ठरवण्याची खोडही त्या कारभाराला होती. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी 1911 साली मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला, डासांची पैदास घरगुती विहिरींत होते असे दाखवले, आणि मग विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा सपाटा लागला. अनेक हिंदू आणि पारशी घरांनी धार्मिक कारणांसाठी विहिरीचे पाणीच हवे म्हणून विरोध केला. शास्त्र बेंटलींच्या बाजूने होते. पण एकाच स्रोतावर सारे शहर अवलंबून ठेवण्याचा निर्णय त्या ओघात झाला, आणि आज उन्हाळ्यात तलाव तळाला गेले की त्याची किंमत कळते. तरीही या आक्षेपाने मूळ मुद्दा ढळत नाही. मताधिकार अपुरा होता म्हणून बंधनकारक कर्तव्याची यादी निरुपयोगी ठरली नाही. उलट मताधिकार मिळाल्यावर नव्या मतदारांना बोट ठेवून मागणी करायला तीच यादी कामी आली.

याहून खोल आक्षेप महाडचा आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. प्रत्यक्षात तळ्यावर पाऊल टाकायला 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, आणि नंतरच्या खटल्याचा निकाल उच्च न्यायालयातून यायला 1937 साल लागले. म्हणजे ठराव होता, मालकी नगरपालिकेची होती, तरी पाणी नव्हते. यावरून कायद्याच्या कलमावर भिस्त ठेवणे भाबडेपणाचे आहे, असे म्हणता येईल. मला त्याचा अर्थ जरा वेगळा लागतो. महाडच्या ठरावामागे खर्चाची तरतूद नव्हती, अंमल करणारा कर्मचारी नव्हता, मोडणाऱ्याला दंड नव्हता. तो सदिच्छेचा कागद होता आणि सदिच्छेचे कागद पाणपोईसारखेच असतात. शिवाय तळ्यावर पहारा बसवता येतो. प्रत्येक घरात शिरलेल्या नळावर गावकीला पहारा बसवणे फार अवघड जाते. जातीच्या पाणवठ्याची सत्ता नळाने संपवली असे नाही, पण तिला जेवढा हादरा पाइपाने दिला तेवढा ठरावाने दिला नाही.

विजेची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि मुंबईपुरती अधिक बोलकी आहे. रस्त्यावर गॅसचे दिवे 1865 मध्ये आले. क्रॉफर्ड मार्केट आणि आसपासच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग पालिकेने 1882 साली एका खासगी कंपनीकडून करवून घेतला, पण कंपनी लगेच बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसवर आला. पुढे 1905 साली लंडनमध्ये नोंदलेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने वीज आणि ट्राम एकत्र आणली. 1907 मध्ये विजेची ट्राम धावली, 1926 मध्ये अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस सुरू झाली, आणि 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, पालिकेने सारा कारभार ताब्यात घेतला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची वीज आणि शहराची बस एकाच उपक्रमाच्या, म्हणजे ‘बेस्ट’च्या, वहीत आली. बेस्टची खरी लोकोपयोगी योजना ही एवढीच: विजेच्या खात्यात जे उरे, ते बसची तूट भरून काढी. तिला योजना असे नावही कोणी दिले नव्हते. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्या, हॉटेले, दुकाने दिवे आणि वातानुकूलन यंत्रांसाठी पैसे मोजत, आणि त्यांच्याच शिपायाला, स्वयंपाक्याला, झाडूवालीला स्टेशनपासून कामापर्यंत परवडेल अशा तिकिटात बस मिळे.

इथे वीजग्राहकाची तक्रार ऐकली पाहिजे, कारण ती नुसती कंजूषपणाची नाही. मी वीज घेतो, तर बसच्या तोट्याचा भार माझ्या बिलावर का? त्यातही बस उपनगरांत दहिसर-मुलुंडपर्यंत धावते, आणि बेस्टची वीज मात्र फक्त शहर भागात. म्हणजे कुलाब्याच्या ग्राहकाने बोरिवलीच्या प्रवाशाचे तिकीट भरायचे. हा युक्तिवाद हॉटेलचालकांच्या संघटनेने नियामकांपुढे आणि न्यायालयांत लढवला. वीज नियामक आयोगाने काही वर्षे वाहतुकीच्या तुटीसाठी बिलात वेगळा आकार लावू दिला आणि नंतर तो बंद केला. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने आयोगाचे बरोबरच होते. प्रत्येक सेवेने आपला खर्च आपण काढावा, हे 2003 च्या वीज कायद्यानंतरचे वळण आहे. शहराच्या दृष्टीने मात्र ते अर्धेच बरोबर होते. हॉटेलाचा धंदा ज्या कामगारावर चालतो, त्याची ने-आण हा त्या धंद्याचाच खर्च आहे. तो विजेच्या बिलातून नको असेल, तर दुसऱ्या कोणत्या तरी पक्क्या करातून यायला हवा होता. तसे झाले नाही. तूट भरण्याचे काम पालिकेच्या अनुदानावर आले, आणि अनुदान म्हटले की दरवर्षी हात पसरणे आले. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या एके काळी चार हजारांवर होत्या. त्या आता हजाराच्याही खाली आल्या असून बाकीच्या कंत्राटदारांकडून भाड्याने घेतलेल्या आहेत. वाहतूककोंडी, मेट्रो, शेअर रिक्षा ही कारणेही त्यात आहेतच, सारे खापर एका आकारावर फोडता येणार नाही. पण तिकिटाचा इतिहास पाहा. 2019 मध्ये पहिल्या टप्प्याचे भाडे कौतुकाने पाच रुपयांवर आणले गेले, आणि मे 2025 मध्ये ते एकदम दहा रुपये झाले. वहीत बसवलेली सोय अशी एका फटक्यात दुप्पट महाग होत नाही. मेहेरबानीने दिलेली होऊ शकते.

झोपडपट्टीच्या पाण्यात हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. तिथे कलमच अडसर झाले. 1 जानेवारी 1995 पूर्वीची झोपडी असल्याचा पुरावा असेल तरच नळजोडणी, ही अट पुढे सरकत 2000 पर्यंत आली, पण तिच्यानंतर आलेल्या लाखो माणसांना पालिकेच्या हिशेबात अस्तित्वच नव्हते. अनधिकृत वस्तीला पाणी देणे म्हणजे अतिक्रमणाला उत्तेजन देणे, असे समर्थन त्यासाठी केले जाई. पाणी नाही म्हणून मुंबईत यायचे कोणी टाळले, याची उदाहरणे मात्र दिसत नाहीत. लोक आलेच. फक्त ते टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या वस्तीतल्या मध्यस्थाकडून पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून तेच पालिकेचे पाणी घेत राहिले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असे सांगितले, आणि मे 2022 मध्ये पालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आले. मधली वर्षे अशा वस्त्यांतही जनजागृतीचे कार्यक्रम चालू होतेच. हात कसे धुवावेत हे तिथल्या मुलांना शिकवले जाई, हात धुवायला नळ मात्र नसे. अहवालाच्या शेवटच्या पानांचा मला राग येतो तो यासाठी.

आता उरला तो मुंबईच्या हद्दीबाहेरचा हिशेब. शहराला रोज लागणाऱ्या सुमारे चारशे कोटी लिटर पाण्यापैकी विहार आणि तुळशीचा वाटा अगदी किरकोळ आहे. बाकीचे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा इथून, शंभर किलोमीटरच्या आसपासचे अंतर कापून येते. या धरणांचा मोठा भाग शहापूर आणि त्याच्या शेजारच्या तालुक्यांत आहे, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. या पाड्यांसाठी टाक्या, पंप, सौरदिवे देणारे उपक्रम अधूनमधून होतात. ते वाईट नाहीत. पण रेडीमनींच्या चाळीस पाणपोयांचे जे झाले तेच यांचेही होईल, कारण पंप बिघडल्यावर तो दुरुस्त करणे कोणाचेच बंधनकारक काम नाही. पालिकेने पाणीपट्टीच्या दरात दर हजार लिटरमागे धरणांच्या तालुक्यांचा वाटा कायमचा बसवावा, आणि त्यातून त्या गावांची नळयोजना चालवणे व दुरुस्त ठेवणे हे पाणीखात्याचे रोजचे काम करावे. मुंबईकराच्या बिलात त्याने पडणारा फरक थोडा असेल. त्याविरुद्ध जो ओरडेल, त्याने आपल्या नळाचे पाणी कुठून येते ते एकदा नकाशावर पाहावे.