क्रुम्बीगेल : एका आडनावाचा प्रवास

लालबागेलगतच्या एका रस्त्याचे नाव प्रथम कानांवर आले, तेव्हा ते एखाद्या जुन्या कानडी खेड्याचे असावे, असेच आम्हांस वाटले. ‘कृंबिगल’! कानडीत दगडाला ‘कल्लु’ म्हणतात आणि समासात त्याचे ‘गल्लु’ होते, एवढे तोडकेमोडके कानडी बदलीवर आल्यापासून आम्ही शिकलो होतो. त्यात लालबागेतील तो अतिप्राचीन खडक समोरच उभा. तर्क इतका सोयीचा, की चारचौघांत तो सांगूनही आम्ही मोकळे झालो. पुढे कळले, हे आडनाव आहे आणि तेही जर्मन!

गुस्टाफ हेर्मान क्रुम्बीगेल यांचा जन्म १८६५ मध्ये सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेनजवळच्या लोहमेन गावी झाला. ‘क्रुम’ म्हणजे वाकडा. ‘बीगेल’ या उत्तरपदाचा संबंध टेकडी या अर्थाच्या ‘ब्यूएल’ या जुन्या शब्दाशी लावतात. ओठ गोल करून उच्चारावयाचा स्वर त्या बाजूच्या बोलीत सपाट ‘ई’ होतो. कोणी रिकीब या अर्थाच्या ‘ब्यूगेल’ शब्दाकडेही बोट दाखवितात. आम्हांस टेकडीच पटते. वाकड्या टेकडीपाशी ज्याचे घर, तो क्रुम्बीगेल. आपल्याकडील डोंगरे, टेकाडे तरी दुसरे काय आहेत? म्हणजे आमचा तर्क अगदीच वाया गेला नव्हता; दगडाऐवजी टेकडी निघाली, इतकेच.

मराठी माणसाने या गृहस्थांविषयी आपुलकी बाळगावी, याला आणखी एक कारण आहे. लंडनच्या क्यू उद्यानात काम केल्यावर १८९३ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात उद्यानांची व्यवस्था पाहण्यास आले. १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्यांना येथे आणले आणि १९३२ पर्यंत लालबाग त्यांच्या हाती राहिली. एका जातीच्या झाडांचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, अशा हिशेबाने रस्त्यांवर वृक्ष लावण्याची त्यांची योजना प्रसिद्धच आहे. दुसऱ्या महायुद्धात मात्र शत्रुराष्ट्रीय म्हणून इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले. तोवर त्यांच्या वास्तव्याची तीन दशके या शहरात झाली होती! १९५६ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा रस्ता राहिला, पण पाटीवर वर्ण बदलले आणि टेकडी हरवली. आमचेही तसेच झाले आहे. येथील एका कचेरीत नावाच्या रकान्यांचा घोटाळा होऊन आमच्या वडिलांचे नाव आडनाव ठरले आणि आडनाव एका आद्याक्षरापुरते उरले. धाकट्या चिरंजिवांचे शाळेतील नाव त्यावरूनच पडले. दुरुस्तीचा अर्ज आम्ही स्वहस्ते लिहून ठेवला आहे. चिरंजीव म्हणतात, “राहू द्या ना, बाबा, सगळे मला याच नावाने ओळखतात.” अर्ज अजून खणात आहे.