हुशारी, विद्वत्ता, प्रज्ञा : 'मेरिट' या शब्दामागचा इतिहास

आरक्षणाचा विषय निघाला की समोरून पहिला शब्द फेकला जातो तो 'मेरिट'. त्याच्या मागोमाग इंटेलिजन्स, टॅलेंट, जीनियस ही सगळी फौज येते. बोलणारा हे शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि आपली मुलेही वाद घालताना ते तसेच स्वीकारतात. तिथेच निम्मा वाद हातचा जातो. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. ते एकाच दावणीला कोणी आणि कशासाठी बांधले, याला इतिहास आहे. तो माहीत असल्याशिवाय आपण या वादात उतरू नये, असे आम्हाला वाटते.

आधी शब्द पाहू. इंटेलिजन्स आणि इंटेलेक्ट हे एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत. पण वापरात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. समोरची अडचण ओळखून तिच्यातून मार्ग काढण्याची शक्ती म्हणजे इंटेलिजन्स. इंग्रजी बोलणारा माणूस कुत्र्यालाही इंटेलिजंट म्हणतो. इंटेलेक्ट ही अमूर्त विचाराची, तर्काची शक्ती. ती कुत्र्याला कोणी लावत नाही. टॅलेंट हे मुळात प्राचीन ग्रीकांचे वजनाचे आणि पैशाचे माप. बायबलमधल्या एका दृष्टांतावरून त्याला अंगच्या देणगीचा अर्थ आला. जीनियस म्हणजे रोमन समजुतीप्रमाणे जन्मापासून माणसाची पाठराखण करणारी देवता. आणि मेरिट? त्याचे लॅटिन मूळ सांगते : कमावणे, पात्र ठरणे.

म्हणजे टॅलेंट आणि जीनियस या मिळालेल्या गोष्टी, आणि मेरिट ही कमावलेली. जे वारशाने मिळाले ते कमावलेले म्हणून दाखवायचे, आणि ज्याला कमावण्याची संधीच दिली नाही त्याला जन्मतःच मंद ठरवायचे, हा सगळा खेळ या दोन अर्थांच्या सरमिसळीवर चालतो.

या सरमिसळीला शास्त्राचा अंगरखा चढवला तो इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने. १८६९ साली 'हेरेडिटरी जीनियस' या ग्रंथात त्याने न्यायाधीश, मुत्सद्दी, शास्त्रज्ञ यांची घराणी तपासली. मोठ्या माणसांचे नातेवाईकही मोठे निघतात, हे पाहून त्याने निष्कर्ष काढला की बुद्धी रक्तातून उतरते. त्या नातेवाइकांना तीच मालमत्ता, त्याच शाळा आणि त्याच ओळखीपाळखी मिळतात, याला त्याच्या हिशेबात फारसे वजन नव्हते. १८८३ साली त्याने यूजेनिक्स हा शब्द घडवला. चांगल्या वंशाची पैदास वाढवायची आणि हलक्याची रोखायची, असे ते शास्त्र.

आता तेच १८८३ साल पुण्यात पाहा. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण करत होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली होती. 'असूड'च्या आरंभी जोतीरावांनी शूद्रांच्या अधोगतीची जी साखळी मांडली, तिच्यात विद्या आधी येते आणि मती नंतर. विद्या नाकारली गेली म्हणून मती गेली, आणि पुढची सारी घसरण त्यातून झाली. गाल्टन बुद्धीचे कारण रक्तात शोधत होता. जोतीरावांनी ते शाळेच्या बंद दारात दाखवले. जगभर मान मिळाला तो गाल्टनला. पण कार्यकारणाचा क्रम बरोबर लावला होता जोतीरावांनी.

पुढचा टप्पा मोजमापाचा. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने थिओडोर सिमोनच्या मदतीने १९०५ साली पहिली बुद्धिचाचणी तयार केली. हेतू साधा होता : शाळेत मागे पडणारी मुले ओळखायची आणि त्यांना जादा मदत द्यायची. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे मत बिनेला मान्य नव्हते. सरावाने आणि चांगल्या शिकवण्याने ती वाढते, असे त्याने स्पष्ट लिहिले. १९११ साली तो वारला आणि चाचणी समुद्रापलीकडे वेगळ्याच लोकांच्या हाती गेली.

अमेरिकेत हेन्री गोडार्डने तिचे भाषांतर केले आणि मंद ठरलेल्यांच्या एका वर्गासाठी 'मोरॉन' हा नवा शब्द काढला. आज शिवी म्हणून वापरला जाणारा हा शब्द तेव्हा शास्त्रीय संज्ञा होता. १९१६ साली लुईस टर्मनने स्टॅनफर्ड-बिने चाचणी आणली. मेक्सिकन, इंडियन आणि निग्रो मुलांमधला मंदपणा वांशिक असावा आणि त्यांना वेगळ्या वर्गांत बसवावे, असे त्याने त्याच ग्रंथात सुचवले. मदतीसाठी बनवलेली फूटपट्टी अशी वेगळे बसवण्याची काठी झाली. वर्गाबाहेर बसवलेल्यांच्या वारसांना ही भाषा नवी वाटू नये.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने सुमारे साडेसतरा लाख जवानांची बुद्धी मोजली. प्रश्न कसले? क्रिस्को हा कसला पदार्थ, अमुक माणूस कोणत्या खेळातला. निरक्षरांना चित्रे देत आणि टेनिसच्या मैदानात काय राहिले ते काढायला लावत. ज्याने आयुष्यात टेनिस पाहिले नाही, त्याने जाळे कुठून काढावे? या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅमने १९२३ साली उत्तर युरोपातले लोक श्रेष्ठ ठरवले. याच ब्रिगहॅमच्या देखरेखीखाली १९२६ साली महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा सुरू झाली. १९३० साली त्याने आपले वांशिक निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. पण तोवर, १९२४ साली, दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांची वाट अडवणारा स्थलांतर कायदा होऊनही गेला होता.

याला उत्तर दिले ते कृष्णवर्णीय अभ्यासक होरेस मान बाँड यांनी. १९२४ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्या 'द क्रायसिस' मासिकात त्यांनी सैन्याचेच आकडे मांडले. इलिनॉय, न्यू यॉर्क, ओहायो या उत्तरेकडच्या राज्यांतल्या कृष्णवर्णीय जवानांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांच्या गोऱ्या जवानांपेक्षा जास्त होते. बुद्धी रक्तात असती तर असे कसे झाले असते? आकडे शाळा मोजत होते, रक्त नव्हे.

टर्मनची चाचणी आली त्याच १९१६ साली, ९ मे रोजी, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचे बाबासाहेब आंबेडकर 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचत होते. श्रेणी निसर्गाने नेमली नाही, ती समाजाने घडवली, हा विचार त्या निबंधाच्या मुळाशी आहे. तिथले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनीही पुढे बुद्धिचाचणीच्या आधारे माणसांचे कप्पे पाडण्यावर टीका केली. ड्युईंच्या लेखी इंटेलिजन्स म्हणजे एकट्याच्या डोक्यात साठवलेली ठेव नव्हती. ती एकत्र जगताना, प्रश्न सोडवताना वाढणारी गोष्ट होती.

१९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी यूजेनिक्सच्या नावाने होणारे जातीचे समर्थन थेट तपासले आणि फेटाळले. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांनी दाखवले. त्याच ग्रंथात त्यांनी बजावले की नुसती बुद्धी हा सद्गुण नाही. ती साधन आहे, आणि साधन कोणत्या हेतूसाठी वापरले जाते यावर सगळे अवलंबून असते.

१९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत तर त्यांनी दोन शब्दांमध्ये स्पष्ट रेघ ओढली. ब्राह्मणांमधून एकही व्हॉल्टेअर का निघाला नाही, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे : विद्वान वेगळा आणि बुद्धिवंत वेगळा. विद्वानाला आपल्या वर्गाचे हित कळते आणि तो ते जपतो. बुद्धिवंत त्या हितापासून मोकळा झालेला असतो. व्हॉल्टेअर ज्या चर्चच्या संस्कारात वाढला त्याच्याविरुद्ध उभा राहिला. शतकानुशतके विद्येची मक्तेदारी असूनही इथे तसे घडले नाही, कारण इथली विद्वत्ता आपल्याच घराची राखण करत राहिली.

आणि शेवटी 'द बुद्ध अँड हिज धम्म'. विद्या सर्वांना खुली हवी, ही पहिली अट. पण केवळ विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी. प्रज्ञेसोबत शील हवे, करुणा हवी, आणि करुणेच्याही पुढे मैत्री हवी. यांतला शब्द न् शब्द हुशारीला माणसांशी जोडणारा आहे. कोणत्याही चाचणीत शीलाचा रकाना नसतो.

मग आजचे मेरिट? मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली मेरिटॉक्रसीवर पुस्तक लिहिले ते उपहास म्हणून, धोक्याचा इशारा म्हणून. लोकांनी त्याचे ध्येय करून टाकले, याची खंत त्याने २००१ साली जाहीर व्यक्त केली. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मेरिट म्हणजे फक्त स्पर्धा परीक्षेतली कामगिरी नव्हे, कारण काही वर्गांना लाभलेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायदे अशा परीक्षेत दिसत नाहीत.

मराठीत तर फसगत आणखी सोपी आहे. आपण परीक्षेतल्या आकड्यांनाही 'गुण' म्हणतो आणि माणसाच्या चांगुलपणालाही 'गुण'च म्हणतो. गुणपत्रिका हाती आली की त्या एका कागदावर मुलाची हुशारी, मेहनत, चारित्र्य आणि भवितव्य सगळे वाचले जाते. ज्याच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत आणि जो आपल्या घरातला पहिला शिकणारा आहे, त्या दोघांच्या गुणांमधले अंतर त्यांच्या डोक्यांमधले अंतर समजले जाते.

मित्रांनो, यापुढे कोणी मेरिट म्हटले की आधी विचारा : नेमके काय म्हणायचे आहे? अडचण सोडवण्याची हुशारी? घरातून आलेली विद्वत्ता? क्लासच्या पैशाने वाढलेले गुण? की समाजाच्या कामी येणारी प्रज्ञा? एकेक शब्द सुटा करा आणि त्याचा हिशेब मागा. यांतले कमावलेले किती आणि मिळालेले किती, हे समोरच्याला सांगावे लागले की वादाची पातळी आपोआप बदलते. आणि हा प्रश्न आपल्यातल्या शिकलेल्यांनाही विचारावा लागेल. पदवी घेऊन जो आपल्या वस्तीकडे पाठ फिरवतो, त्याच्याकडे विद्वत्ता असेल. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली प्रज्ञा नाही.

जय भीम!