अनुज्ञप्ती आणि परवाना : मुंबईतील टॅक्सीचालकाच्या उपजीविकेचा इतिहास

प्रस्तावना

मुंबईच्या श्रमिक इतिहासात गिरणी कामगाराचा अभ्यास विपुल प्रमाणात झाला आहे. त्या तुलनेत टॅक्सीचालक हा वर्ग बराच काळ उपेक्षित राहिला. त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसे. त्याच्या उपजीविकेचा माग प्रामुख्याने दोन शासकीय कागदांवरून काढावा लागतो. कायद्याच्या मराठीत वाहन चालविण्याच्या अधिकारपत्रास 'अनुज्ञप्ती' आणि वाहन भाड्याने फिरविण्याच्या अधिकारपत्रास 'परवाना' म्हणतात. टॅक्सीच्या नाक्यावर त्यांनाच अनुक्रमे लायसन व परमिट ही नावे आहेत. अनुज्ञप्ती व्यक्तीच्या कौशल्यास मिळते, तर परवाना वाहनाच्या मालकास. या दोन कागदांमधील अंतरातूनच टॅक्सीचालकाची आर्थिक स्थिती घडत गेली, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कायद्याची चौकट

मुंबईत मोटार टॅक्सीचा प्रारंभ १९११ मध्ये झाला. तत्पूर्वी भाड्याची वाहतूक घोड्याच्या व्हिक्टोरिया गाड्यांकडे होती. १९१४ च्या मोटार वाहन अधिनियमानंतर १९३९ चा अधिक व्यापक अधिनियम आला. त्याने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची व्यवस्था निर्माण केली आणि भाड्याच्या वाहनास परवाना अनिवार्य केला. हीच चौकट १९८८ च्या अधिनियमात कायम राहिली. या अधिनियमानुसार परिवहन वाहन चालविण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, तसेच हलके वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष आधीपासून असावी लागते. राज्याच्या नियमांनुसार चालकास बॅजही घ्यावा लागे.

पुढील काळात अनुज्ञप्तीच्या अटी सैल होत गेल्या. आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र शासनाने २०१९ मध्ये काढून टाकली. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्यास ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे परिवहन वाहन चालविण्यास स्वतंत्र नोंदीची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला व घटनापीठाने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केला. परवान्याचा इतिहास मात्र याच्या उलट दिशेने गेलेला दिसतो.

मालक-चालक आणि पाळीचा चालक

ज्याच्याकडे दोन्ही कागद होते, तो मालक-चालक ठरला. ज्याच्याकडे केवळ अनुज्ञप्ती व बॅज होता, त्याने दुसऱ्याची गाडी पाळीवर चालविली. या व्यवस्थेत चालक मालकास पाळीमागे ठरावीक रक्कम देतो, इंधनाचा खर्च स्वतः सोसतो आणि उरलेली रक्कम ही त्याची कमाई असते. धंदा मंदावला तरी मालकाची रक्कम कमी होत नाही. म्हणजेच जोखीम चालकाची आणि निश्चित उत्पन्न परवानाधारकाचे, अशी ही विभागणी होय.

कामगार कायद्यांचे संरक्षणही या चालकापर्यंत क्वचितच पोहोचले. १९६१ चा मोटार परिवहन कामगार अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. एक-दोन गाड्या असलेला मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला. बँकांची दारेही टॅक्सीचालकांना सहसा बंद होती. जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँकेमागे हीच अडचण होती. स्वतःची गाडी घेण्यासाठी कर्ज मिळणे म्हणजे पाळीच्या चालकाने मालक-चालक होणे, हा त्या प्रयत्नाचा खरा अर्थ होता. पालनपूर परिसरातून आलेल्या चिलिया मुस्लिमांसारख्या समाजांत तर हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. यावरून परवाना हा कौटुंबिक मत्तेचाच भाग बनल्याचे दिसते.

१९९७ नंतरचे परिवर्तन

१९९७ मध्ये मुंबईत नवे टॅक्सी परवाने देणे थांबविण्यात आले. परिणामी जुन्या परवान्यास दुर्मिळतेचे मूल्य प्राप्त झाले. अनुज्ञप्ती मिळविणे शक्य असले, तरी मालक होण्याची वाट अरुंद झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शहरात सुमारे ६३,००० टॅक्सी होत्या. २०२३ पर्यंत काळ्या-पिवळ्या टॅक्सींची संख्या ४०,००० च्या आसपास आली. टॅक्सीचे कमाल वय २००८ मध्ये २५ वर्षे आणि २०१३ मध्ये २० वर्षे असे निश्चित झाल्याने परवाना टिकविण्यासाठी गाडी बदलण्याचा खर्च अपरिहार्य झाला. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी याच नियमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेबाहेर गेली.

परवान्याचे मूल्य वाढताच तो कोणास मिळावा, हा प्रश्न राजकीय बनला. नव्या परवान्यासाठी मराठीचे ज्ञान व १५ वर्षांचे वास्तव्य या अटींवर भर देणारा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०१० मध्ये घेतला. वाद उद्भवताच मराठीसह हिंदी वा गुजरातीचे ज्ञानही चालेल, असा खुलासा करावा लागला. परवाना कोणाकडे जावा, यावर पुष्कळ चर्चा झाली. पाळीच्या चालकाचा वाटा किती असावा, हा प्रश्न मात्र तिच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

२०१४ पासून मुंबईत ॲपवर आधारित सेवा विस्तारल्या. २०१९ च्या दुरुस्तीने १९८८ च्या अधिनियमात अशा कंपन्यांसाठीही अनुज्ञप्तीची तरतूद केली. अशा प्रकारे तिसरा कागद अस्तित्वात आला आणि तो कंपनीच्या हाती राहिला. चालकाकडे अनुज्ञप्ती व कर्जाऊ घेतलेली गाडी असली, तरी प्रवासी मिळण्याचा मार्ग त्या तिसऱ्या कागदातून जातो.

निष्कर्ष

शंभरहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत राज्यसंस्थेने चालकाचे कौशल्य प्रमाणित केले, भाडे ठरविले व गाडीचे आयुष्य निश्चित केले. तथापि गाडीतून निर्माण होणाऱ्या उत्पन्नाची चालक व परवानाधारक यांच्यातील विभागणी बहुतांशी खाजगी व्यवहारावर सोडून दिली. त्यामुळे नियमन वाढले, तरी चालकाची अनिश्चितता घटली नाही. टॅक्सीचालकाच्या दारिद्र्याचा वा प्रगतीचा विचार करताना प्रवासीभाड्याचे दर पाहणे पुरेसे नाही. त्याच्या खिशात कोणता कागद आहे आणि कोणता दुसऱ्याच्या कपाटात आहे, हे पाहणे अधिक आवश्यक ठरते.