दोन घरांमधलं पोर

गेल्या ऑगस्टमध्ये मोपाच्या विमानतळावर एक आजी आणि नात भेटली. नात आठ-नऊ वर्षांची. गळ्यात विमान कंपनीने अडकवलेली पिशवी, तीत पासपोर्ट आणि कागद. आई इंग्लंडमध्ये, वडील गोव्यात. दोघं वेगळी झालेली. नाताळ आणि शाळेची मोठी सुट्टी, अशी वर्षातून दोनदा ती ये-जा करते. आजी म्हणाली, "ती येईपर्यंत माझ्या जिवाला घोर, आणि ती परत पोचेपर्यंत तिच्या आईच्या."

या एका वाक्यामागे आपल्या गोव्याचा बराच इतिहास दडलेला आहे.

परदेश आपल्याला नवा नाही. तार्वटी बोटीवर जायचा, कोणी आफ्रिकेत नोकरी धरायचा, मुंबईला धोबीतलावच्या कुडीत मुक्काम करून पुढची बोट गाठायचा. घर तेव्हाही विभागलेलं असे, पण ते अंतरामुळे, भांडणामुळे नव्हे. आणि प्रवास बाप करायचा. पोर आईजवळ, आजीजवळ गावातच राहायचं. आता प्रवास पोराच्या वाट्याला आला आहे.

घटस्फोटही आपल्याकडे वाटतो तितका नवा नाही. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि महिनाही उलटला नव्हता तोच, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचा कायदा आला. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि वयाची पंचवीस पूर्ण केलेली जोडपी परस्पर संमतीनेही वेगळी होऊ शकत होती. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बहुतेक हिंदू स्त्रियांना ही वाट मिळायला १९५५ उजाडावं लागलं. पुढे १९४० साली सालाझारच्या सरकारने व्हॅटिकनशी करार केला, तो १९४६ मध्ये इथे लागू झाला आणि चर्चमध्ये लग्न केलेल्यांसाठी हे दार बंद झालं.

मुलांचं काय? १९१० च्या कायद्याचा कल असा, की ज्याच्या बाजूने निकाल, मूल शक्यतो त्याच्याकडे. म्हणजे आधी आईबापांपैकी दोषी कोण हे ठरवायचं, मग पोर कोणाचं ते. मूल एकाच गावात या घरातून त्या घरात जाणार, हे त्यात गृहीतच होतं. ते समुद्रापार जाईल असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नसावं.

१९६१ ला मुक्ती आली. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. पोर्तुगालने स्वतःची संहिता १९६६ मध्ये बदलली. आपल्याकडे मात्र तिचा जुना अवतार राहिला.

खरी गंमत पुढे आहे. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालचं मूल आईने किंवा बापाने दुसऱ्याचा हक्क डावलून परदेशी नेलं वा ठेवून घेतलं, तर ते जिथे नेहमी राहत होतं त्या देशात लवकर परत पाठवायचं. ताबा कोणाचा ते तिथलं न्यायालय ठरवेल. १ डिसेंबर १९८३ ला हा करार अमलात आला, तेव्हा त्यातल्या पहिल्या देशांत पोर्तुगाल होता. भारत त्यात अजून नाही. म्हणजे पोर्तुगालचा १९१० चा कायदा आपल्यापर्यंत पोचला, १९८० चा करार पोचला नाही. इंग्लंडमधून नेलेलं मूल लिस्बनमध्ये असेल तर एक न्याय, मडगावात असेल तर दुसरा. हातातला पोर्तुगीज पासपोर्ट इथे कामाला येत नाही, कारण प्रश्न मूल कुठे राहत होतं आणि आता कुठे आहे याचा असतो.

आपलं सर्वोच्च न्यायालय प्रत्येक खटला वेगळा तोलत आलं आहे. १९८४ मध्ये बापाने इंग्लंडहून आणलेला मुलगा आईच्या हवाली केला गेला. २००९ मध्ये आईने अमेरिकेहून आणलेल्या मुलाला परत नेण्याचा आदेश झाला. २०१७ मध्ये मात्र, परदेशी न्यायालयाचा आदेश हा अनेक मुद्द्यांपैकी एक, मुलाचं हित सर्वांत वर, असं म्हणून मुलगी इथे आईजवळ राहिली. २००९ मध्येच विधी आयोगाने करारात सामील व्हा अशी शिफारस केली होती; २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही निघाला. त्यावरचा आक्षेपही खरा आहे: मारहाणीला कंटाळून लेकरासह माहेरी आलेल्या बाईला पुन्हा त्याच देशात ढकलायचं का?

तोवर जाणकार वकील एक साधा उपाय सांगतात. मूल पाठवण्याआधी दोन्हीकडच्या न्यायालयांतून एकाच मजकुराचा आदेश घ्यावा. त्याला खर्च येतो, वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे न बोलणाऱ्या दोघांना एकदा तरी एकमत करावं लागतं.

त्या आजीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. नात आत गेली, काचेपलीकडून हात हलवला. आजी म्हणाली, "पोचल्याचा फोन येईल रात्री. मग जेवेन."