राजीनामा दिला की चौकशी संपते? मुद्गल प्रकरण, १९५१

१/ चौकशी सुरू असताना राजीनामा दिला, तर कलंक टळतो का? ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून रोज मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्या नोकरदारांच्या घरांत हा प्रश्न नवा नाही. १९५१ साली तो थेट संसदेपुढे आला. त्या प्रकरणाचे मूळ मुंबईच्या सोने-चांदीच्या बाजारात होते.

२/ हुचेश्वर गुरुसिद्ध मुद्गल हे हंगामी संसदेतील मुंबईचे काँग्रेस सदस्य. पूर्वायुष्यात त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मार्कस गार्वी यांच्या 'निग्रो वर्ल्ड' या पत्राचे संपादन केले होते.

३/ बॉम्बे बुलियन असोसिएशन या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचा आरोप त्यांच्यावर आला. सदस्य स्वपक्षाचा असूनही पंतप्रधान नेहरूंनी जून १९५१ मध्ये चौकशी समितीचा ठराव मांडला. टी. टी. कृष्णम्माचारी हे तिचे अध्यक्ष होते.

४/ मुद्गल यांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक असल्याचा निष्कर्ष समितीने काढला. सप्टेंबरमध्ये हकालपट्टीचा ठराव आला. मुद्गल यांना बचावाची संधी मिळाली. ते बोलले, आणि मतदानापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला.

५/ आता पेच उभा राहिला. जो सदस्यच उरला नाही, त्याला काढणार कसे? सभागृहाने ठरावाचे शब्द बदलले : मुद्गल हकालपट्टीस पात्र होते, आणि राजीनामापत्रातील मजकूर हा सभागृहाचा अवमान असून त्याने अपराध अधिकच गंभीर झाला आहे. पद सुटले, तरी ठपका नोंदला गेला.

६/ सरकारी कर्मचाऱ्याची वाट याहून अवघड. त्याचा राजीनामा साधारणतः स्वीकृतीनंतरच अमलात येतो. चौकशी प्रलंबित असेल, तर तो रोखता येतो. शिवाय महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनाम्याने मागील सेवा सामान्यतः जप्त होते. वीस वर्षे नोकरी केलेल्या लिपिकाने लाजेपोटी घाईने सही केली, तर दोष सिद्ध होण्यापूर्वीच त्याचे निवृत्तिवेतन धोक्यात येते. चौकशीत निदान बाजू मांडण्याचा हक्क असतो.

७/ डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, तेव्हा मुद्गल प्रकरणाचा दाखला पुन्हा निघाला. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई वैध ठरवली. राजीनाम्याने झाकू पाहिलेले प्रकरणच पुढच्यांसाठी पायंडा ठरले होते.