स्वस्त उष्णतामापकाची कुळकथा

धातु तापली कीं ती विजेला अधिक अडविते. परंतु १८३३ सालीं मायकेल फॅरडे यांस चांदी व गंधक यांच्या संयुगांत उलट गुण आढळला : तें तापतांच वीज अधिक सुलभतेनें वाहूं लागली. त्या काळीं ही केवळ एक नवलाची नोंद ठरली. शास्त्रज्ञांचा ओढा प्लॅटिनमकडे होता. १८७१ त विल्यम सीमेन्स यांनीं त्याचा तापमापक पुढें मांडला. पण तो टिकाऊ ठरेना. १८८७ त कॅलेंडर यांनीं शुद्ध तार वापरून तो भरंवशाचा केला. मात्र प्लॅटिनम म्हणजे श्रीमंताघरचें लेणें!

१९३० मध्यें सॅम्युएल रूबेन यांनीं तो उपेक्षित गुण व्यवहारांत आणला आणि थर्मिस्टर प्रचारांत आला. धातूंच्या ऑक्साइडांचा हा मणी स्वस्त व चपळ. दोष एवढाच कीं, त्याची चाल सरळ नाहीं. दर अंशास होणारा बदल सारखा नसल्यानें हिशेब किचकट होतो. १९६८ त स्टाइनहार्ट व हार्ट यांनीं त्यासाठीं सूत्र दिलें. आज तो हिशेब लहानसा मायक्रोकंट्रोलर क्षणांत उलगडतो. म्हणून थोडक्या पैशांत खोलीचें तापमान जाणावयाचें असेल, तर थर्मिस्टर व एक साधा रोधक पुरे. विस्तीर्ण पल्ला व दीर्घकाळ अचूकपणा हवा असेल तेथें प्लॅटिनमच घ्यावें. गणित स्वस्त झालें, तेव्हां मण्याचा वांकडेपणा खपूं लागला.